साहेबाचं पान

बुऱ्हाणपूरहून परत आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंत? किल्ला पाहिला, तापी पाहिली, मावा जिलेबी खाल्ली, आणि ताजमहाल खरं तर इथेच व्हायचा होता हे वाक्य रिक्षावाल्यापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. ते ऐकल्याशिवाय त्या गावातून कुणाला बाहेर पडता येत नाही. पण माझ्या लक्षात राहिलेत ते एका केळीच्या पानावर वाढलेले उकडलेले बटाटे. त्यांच्या मालकाला शोधत एक बाई स्वीडनहून आली होती, आणि त्यांच्यापायी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं.

ती बाई म्हणजे कारीन, माझ्या मुलीची गोथेनबर्गमधली घरमालकीण. निवृत्त दंतवैद्य. समोरचा माणूस बोलायला लागला की ती आधी त्याचे दात बघते, मग ऐकते. ती स्वतः हसली की वर सुळ्याशेजारी एक फट दिसते. तो दात तिला जन्मापासून आलाच नाही. तिच्या वडिलांनाही नाही, आजोबांनाही नव्हता. "डॉक्टरीणबाईंनाच दात नाही, ही आमची घरची जाहिरात," असं ती सांगते.

तिच्या घराण्यातली निम्मी माणसं पणजोबांच्या काळात पोट भरायला अमेरिकेला गेली. त्या सगळ्यांना कारीनने शोधून काढलं होतं. कुणाचं थडगं कुठल्या माळावर आहे, कुणाची पणती कुठे केस कापायचं दुकान चालवते, सगळं. सापडत नव्हता तो एकच, तिचा सख्खा काका नील्स. बाकीचे पश्चिमेला गेले आणि हा पूर्वेला. बुऱ्हाणपूरजवळ कागद कारखाना उभा राहत होता तेव्हा परदेशी यंत्रं बसवायला आलेल्यांत तो होता. काम झालं, सोबतचे परत गेले, हा राहिला. पुढे त्याची खबरच आली नाही. कारीनचे वडील आता नव्वदी ओलांडून चाकाच्या खुर्चीला खिळलेत, आणि त्यांचा एकच प्रश्न असतो: नील्स गेला तेव्हा त्याच्याजवळ कुणी होतं का?

माझं बालपण त्याच कारखान्याच्या वसाहतीत गेलं. वडील नाशिककडचे, नोकरीसाठी तिकडे गेलेले. एवढ्या भांडवलावर माझी दुभाषी म्हणून नेमणूक झाली. गेल्या वर्षी भाद्रपदात आम्ही निघालो. कारीनच्या पिशवीत थुंकी गोळा करायच्या नळ्या होत्या. नळीत थुंकायचं, ती स्वीडनला पाठवायची, आणि कोण कुणाच्या रक्ताचं ते समजायचं. आपल्याकडे हे काम शेजारपाजारचे लोक फुकटात करतात, हे मी तिला सांगितलं नाही.

सिंधीपुरा

आमचा मुक्काम सिंधीपुऱ्यात मधुभाऊंकडे होता. मधुभाऊ माझ्या वडिलांच्या स्नेह्यांचे चिरंजीव आणि बुऱ्हाणपूरच्या इतिहासाचे पालक. ही नेमणूक त्यांची त्यांनीच केलेली आहे. पहिला दिवस ख्रिस्ती दफनभूमीत गेला. गुडघाभर गवत, विंचवाची भीती आणि ओळखीचं एकही नाव नाही. कारीन प्रत्येक दगड हाताने पुसून वाचत होती. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "अमेरिकेत सोपं असतं. तिथे मेलेल्यांनासुद्धा पत्ता असतो."

दुसऱ्या दिवशी सत्कार. मी नको म्हटलं होतं. मधुभाऊ म्हणाले, "ताई, गाव काय म्हणेल? पाहुणी सूखी-सूखी गेली?" तेव्हा शाल, श्रीफळ आणि केळीच्या धाग्याची विणलेली टोपी. टोपी कारीनच्या नाकापर्यंत आली. मधुभाऊ भारत-स्वीडन मैत्रीवर बोलले, तापीच्या पाण्यावर बोलले, ताजमहालावर तर बोललेच. नील्सचं नाव त्यांना शेवटी आठवलं, तेही दोनदा चुकून. घरी येताना त्यांनी कारीनकडून नील्सचा फोटो मोबाइलवर मागून घेतला. "तुम्ही टेन्शन घेऊ नका. सकाळपर्यंत लाइन लागून जाईल बघा."

इतवारा

सकाळी खरोखरच रांग लागली होती.

इतवाऱ्याच्या चौकात रातोरात फ्लेक्स चढला होता. एका बाजूला टोपीतली कारीन, दुसऱ्या बाजूला तरुण नील्स, मधोमध दोघांपेक्षा मोठे मधुभाऊ. वर 'स्वीडन की बेटी, अपनों की खोज में'. खाली नील्सचं नाव, कागद कारखान्याचा उल्लेख, आणि 'डी.एन.ए. जाँच नि:शुल्क'.

मधुभाऊंच्या ओट्यावर माणसं बसली होती. एका गृहस्थांनी आपल्या घाऱ्या डोळ्यांच्या मेव्हण्याला आणलं होतं. कशासाठी आणलंय हे मेव्हण्याला ठाऊक नव्हतं. एक जण म्हणाला, रक्तबिक्त राहू द्या, यातून व्हिसाचं काम होतं का? कारीन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मान हलवत होती. एकाला तिने अक्कलदाढ काढून घ्यायचा सल्ला दिला.

दहाच्या सुमारास एक माणूस मोटारसायकलवरून उतरला आणि रांग सोडून सरळ आत आला. पन्नाशीकडे झुकलेला, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो बसला नाही.

"बोर्ड उतरवा पहिले. मग बोलू."

"अरे भाऊ, परमिशन घेऊन लावलाय," मधुभाऊ म्हणाले.

"माझी घेतली का परमिशन?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ओटा एकदम गप्प झाला. मी त्याला आणि कारीनला आतल्या खोलीत नेलं. त्याचं नाव प्रकाश महाजन, फोपनारचा, केळीवाला. दार लागल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोर्डावरचा तो साहेब आमच्या घरी मेला."

मी कारीनला सांगितलं. ती खुर्चीवरून अर्धवट उठली आणि तशीच राहिली.

"पण हे बाहेर बोलायचं नाही मॅडम," प्रकाश म्हणाला. "आजोबा कारखान्यात साहेबाच्या हाताखाली होते. आजोबांनी नोकरी सोडली, शेतीवर आले, तर हा पण मागं मागं आला. आमच्याच घरात राह्यला. नंतर माझे वडील झाले. ते गोरे होते. बस, येवढंच. येवढ्यावरून गाव अजून बोलून राह्यलं. आता माझ्या पोरीचं जमलंय, रावेरकडं. दिवाळीनंतर लग्न. आज सकाळी ह्या बोर्डाचा फोटो व्याह्याच्या मोबाइलवर गेला. त्याचा फोन आला, 'हे तुमच्याच घरचं नं?' काय सांगू मी?"

"खरं असेल ते सांगा," मी म्हणाले. दुसऱ्याच्या घराबद्दल हे वाक्य फार सहज सुचतं.

"खरं कोणाला माहीत आहे? आजोबा गेले, आजी गेली, बाप गेला. विचारू कोणाला?"

कारीनने माझा दंड धरला. "विचार त्याला, शेवटी तो एकटा होता का."

मी विचारलं. प्रकाशने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मान वळवून म्हणाला, "उद्या आमच्याकडं पितर आहेत. जेवायला या. माय सांगेल सगळं. फक्त ती थुंकायची भानगड घेऊन येऊ नका."

फ्लेक्स दुपारी उतरला. मधुभाऊंनी तो घडी करून माळ्यावर ठेवला. म्हणे पुढे संग्रहालयात उपयोगी पडेल.

फोपनार

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी होती, इतकी दाट की गावं त्यांच्या आत लपल्यासारखी वाटतात. कारीन काचेला नाक लावून बसली होती. पिशवी मांडीवर होती आणि नळ्या पिशवीतच होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काढणार नाही. पण सोडूनही येववेना."

प्रकाशच्या घरी पोचलो तर ओसरीत खाटेवर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ आधीच बसलेले. प्रकाशचा चेहरा बघूनच मला कळलं हे कोण. रावेरचे व्याही, तात्या. पितराच्या जेवणाला व्याही बिनबोलावता येत नाहीत. हे आले होते.

"या या," तात्या आम्हालाच म्हणाले, जणू घर त्यांचं होतं. "म्हटलं, परदेशी पाहुण्या येताहेत तर आपणही दर्शन घ्यावं."

प्रकाशची मुलगी वैशाली पाणी घेऊन आली आणि कुणाकडेही न बघता आत गेली. प्रकाशची आई, जिजाबाई, सत्तरीची, चुलीजवळून हात पुसत आली. तिने कारीनचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि मी भाषांतर करते की नाही याची पर्वा न करता बोलायला लागली.

"मी काही साहेबाला पाह्यलं नाही माय. मी नंतर आले ह्या घरात. सासूबाई सांगायच्या. गावात कोणाचंही इंजिन बंद पडो, हा जायाचा. पैसे घ्यायाचा नाही, केळी घ्यायाचा. उन्हाळ्यात ताप भरला. तीन गावचे वैद्य झाले. सासरे रात्रंदिवस उशाशी होते. शेवटी आपल्या बोलीत काहीतरी बोलून राह्यला, कोणालाच कळलं नाही. सासरे म्हणे नुसते 'हो साहेब, हो साहेब' म्हणत राह्यले. मग तापीवर नेलं. आता त्याचं कोण होतं इथं? सासऱ्यांनीच अग्नी दिला."

म्हणून थडगं नव्हतं. मी हे सांगत असताना कारीन जिजाबाईच्या हाताकडे बघत होती. "म्हणजे होतं कुणीतरी," ती म्हणाली. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. आम्ही तेवढ्यावर निघालो असतो तर बरं झालं असतं.

पण पानं मांडली गेली होती. खानदेशाकडे पितरांना आगारी टाकतात. जळत्या गोवरीचे निखारे ठेवायचे, त्यावर पळीने तूप सोडायचं, वाढलेल्या प्रत्येक पदार्थाचा घास टाकायचा, भोवती पाणी फिरवायचं. हे घरच्या कर्त्याचं काम. देवघरापुढे निखारे होते आणि जवळ पान: खीर, उडदाचे वडे, गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी, कढी-भात. आणि दाराशी, उंबऱ्याच्या आत, वेगळे निखारे आणि वेगळं पान. त्यावर हे सगळं होतंच, पण मधोमध सालासकट उकडलेले लहान बटाटे, त्यावर लोण्याचा गोळा आणि बारीक चिरलेली कच्ची शेपू.

"हे साहेबाचं," जिजाबाई म्हणाली. "ही शेपू आमच्यात कोणी खात नाही. उग्र लागते. पण त्याला हेच लागायचं. वर्षातून एकदा आणतो."

आमच्या घरीही शेपू शिजली की निम्मी माणसं रुसतात. कारीनने मात्र वाकून वास घेतला आणि तोंडावर हात ठेवला. तिकडे नवे बटाटे निघाले की असेच खातात, तिने मला नंतर सांगितलं. लोणी आणि हीच शेपू. तिची आजी असंच वाढायची. इतकी वर्षं फोपनारमध्ये कुणाला न आवडणारी भाजी कुणीतरी बाजारातून आणत होतं.

तात्यांनी पानाकडे बघून मान डोलावली. "चांगलं आहे. पितर इथले, बटाटे तिथले." मग प्रकाशकडे वळून, फार मऊ आवाजात: "प्रकाशभाऊ, मी साधा माणूस. एक विचारू का? ज्याला दरवर्षी आगारी टाकता, तो तुमचा कोण?"

प्रकाशच्या हातात तुपाची पळी होती. "तात्या, त्याचं कोणी नव्हतं म्हणून..."

"मग गावातल्या सगळ्याच बेवारशांना टाकता का?"

प्रकाश कसनुसा हसला. अपमान गिळताना माणूस हसतो तसं.

"माझं म्हणणं नाही काही," तात्या म्हणाले. "लोक म्हणतात. आता बाईंकडं तपासायचं साधन आहे, बोर्डावर लिहिलंच होतं, फुकट. मग होऊन जाऊ द्या. तुमचीही काळजी मिटेल, आमचीही. नाही तर पोरगी द्यायची-घ्यायची म्हटल्यावर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. स्वयंपाकघराच्या दारात वैशाली खिरीचं पातेलं धरून उभी होती. ते जड असणार, पण ती ठेवायला वाकली नाही.

मी शब्दन् शब्द कारीनला सांगितला. ती अगदी स्थिर बसली होती. विचारलं, "मी तपासलं, आणि तो आमचा निघाला तर?"

"तर ते लग्न होणार नाही. आणि या गावात दुसरं जमणंही कठीण."

"नाही म्हटलं तर?"

"तर लपवलं म्हणतील. मग तपासल्यासारखंच."

ती प्रकाशकडे बघत राहिली. मला वाटलं, जरा जास्तच वेळ. तिचा हात पिशवीवर होता. हे पिशवीतच राहू दे, असं मी मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की ती अर्धं जग ओलांडून याच एका गोष्टीसाठी आली आहे.

"प्रकाश," जिजाबाई म्हणाली, "निखारे विझून राह्यले. ऊठ तिथून."

प्रकाश सुरुवात करायला म्हणून पुढे सरकला.

"पुढं नको जाऊ. ऊठ म्हटलं. ही त्याची सख्खी पुतणी आली नं घरी? आता आपण कोण? पळी तिच्या हातात दे."

खाटेवरचे तात्या सरळ बसले. मला त्याचा अर्थ कळायला क्षणभर लागला. त्यांना लगेच कळला. घरात रक्ताचा वारस असताना आगारी कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. दिली, तर आपण वारस नाही, हे चारचौघांत कबूल केलं. त्यापुढे नळीची गरज उरत नाही, निदान रावेरपर्यंत तरी.

"विचार करा भाऊ," तात्या म्हणाले, आणि या वेळी आवाजात मऊपणा नव्हता. "एकदा दिली की दिली. परत मागता येत नाही."

प्रकाश उठला, पण पळी त्याच्या हातातून सुटेना. बाप गेल्यापासून दरवर्षी तो या दुसऱ्या निखाऱ्यांपुढे बसत आला होता. मी कारीनला घाईघाईने सांगितलं, "ही घेतलीस तर नील्स तुमचा. आणि प्रकाश त्याचा कुणी नाही, हे आत्ता सगळ्यांसमोर ठरेल. मग पिशवी उघडायची नाही. कधीच."

तिने पिशवी माझ्याकडे दिली, चप्पल काढली आणि उंबऱ्याशी जाऊन मांडी घालून बसली. तिला ते धड जमलं नाही. प्रकाशने पळी तिच्यापुढे धरली. तिने धरल्यावरही त्याने ती लगेच सोडली नाही. मग सोडली.

जिजाबाई शेजारी बसून खुणेने सांगत होती. तूप. खीर. वडा. बटाट्याचा घास टाकताना शेपू चरचरली आणि घरभर तो वास झाला. पाणी फिरवताना कारीन तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला ती भाषा येत नाही. प्रकाश मात्र मागे उभा राहून पुटपुटला, "हो साहेब." बहुधा दरवर्षीच्या सवयीने.

वैशालीने पातेलं खाली ठेवलं.

साहेबाचं पान जिजाबाईने कौलावर नेऊन ठेवलं आणि आम्ही अंगणात ताटकळत उभे राहिलो. कावळा लवकरच आला. त्याने आधी वडा उचलला. शेपूबद्दल त्याचंही मत घरच्यांसारखंच असावं.

"तुमच्याकडं कावळे असतात का?" जिजाबाईने कारीनला विचारलं.

"असतात. पण राखाडी. डोकं आणि पंख तेवढे काळे."

जिजाबाईने यावर गंभीरपणे विचार केला. "चालतील," ती म्हणाली. "आता तूच वाढत जा माय. आम्ही सांभाळलं तोवर सांभाळलं."

तात्या पोटभर जेवले. वडे दोनदा मागून घेतले. हात धुताना प्रकाशला म्हणाले, "तारखेचं बसून बघू मग." जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

परतीची वाट

गाडीत, केळीचा पट्टा संपता संपता कारीन म्हणाली, "तात्यांनी विचारलं तेव्हा प्रकाश हसला. तू पाहिलंस?"

"ते काही हसणं नव्हतं."

"त्याला तो दात नाही."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आला म्हणून माझा मलाच राग आला. "काढला असेल," मी म्हणाले.

"काढलेला दात आणि न आलेला दात यातला फरक मला कळतो. आयुष्यभर दुसरं केलं काय?" मग बाहेर बघत म्हणाली, "पण पुष्कळांना नसतो तो. हे काही सिद्ध होत नाही."

"पळी घेतलीस त्याच्या आधी पाहिलंस?"

"आधी."

रात्री तिने वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं: ताप, उशाशी बसलेला माणूस, नदी, पान. दाताचं सांगितलं नाही. बोलणं त्यांच्या भाषेत झालं; मला तिने ते फोन ठेवल्यावर इंग्रजीत सांगितलं. सगळं ऐकून म्हाताऱ्याने एकच विचारलं. बटाटे सोललेले होते की सालासकट? सालासकट, ती म्हणाली. तो म्हणाला, मग आईचेच.

नळ्या आल्या तशा परत गेल्या.

दिवाळीनंतर वैशालीचं लग्न झालं. मला पत्रिका होती, जाणं झालं नाही. मधुभाऊ गेले आणि मांडवात बोलले, असं कळलं.

यंदाच्या पितृपक्षात कारीनचा फोटो आला. गॅलरी, चाकाच्या खुर्चीत तिचे वडील, कठड्यावर ताटली, बटाटे, लोणी, शेपू. कठड्याच्या टोकाला एक राखाडी कावळा, ताटलीकडे पाठ करून. कारीन बसलेली नाही, उभी आहे, हातात चहाचा चमचा. पळी मिळाली नसावी.

त्याच दिवशी दुपारी प्रकाशचाही फोटो आला. देवघरापुढचे निखारे, पान. आणि दाराशी, उंबऱ्याच्या आत, दुसरे निखारे, दुसरं पान, त्यावर हिरवी शेपू.

मी लिहिलं, "भाऊ, साहेबाची आगारी तर तुम्ही देऊन टाकली होती ना?"

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. "हो मॅडम, दिली ती दिलीच. पण राखाडी कावळ्यांचा काय भरोसा, म्हणून इकडं पण वाढलं."